वळणावर धूर नाही

फोटोआत्याला रागवायला कारण लागत नाही, असं तिच्या पाठीमागे बोललं जातं. हे साफ खोटं आहे. कारण लागतंच, फक्त ते तिला दिवसातून बऱ्याचदा सापडतं. दुकानाचं शटर अर्ध्यावर अडकलं, हे कारण. पासपोर्टच्या फोटोला गिऱ्हाईक केसांना तेल थापून आलं आणि कपाळ चकाकलं, हे कारण. आणि फोनवर स्वतःच काढलेला फोटो पुढे करून कुणी "एवढा फक्त छापून द्या ना" म्हणालं, तर मग ते नुसतं कारण राहत नाही. अशा माणसाला ती काउंटरवरून वाकून दरवाजा दाखवते आणि वर विचारते, "दात पण घरीच उपटता का?"

आत्या ती खरं तर तिच्या भावाच्या, म्हणजे दादाच्या, दोन मुलींची. त्यांनी लहानपणी फोटोआत्या म्हणायला सुरुवात केली आणि मग सगळ्यांनीच ते उचललं. दुकान टपालकचेरीच्या समोर, एका खोलीचं. पुढे काउंटर, मागे पांढरा पडदा, पडद्यासमोर फिरतं स्टूल, दोन बाजूंना छत्र्या लावलेले दिवे, त्यातल्या एका छत्रीला चिकटपट्टीचं ठिगळ. आरशाशेजारी कंगवा दोरीने बांधलेला आहे, कारण सुटा ठेवला की लोक खिशात घालून नेतात. अर्ध्या गावाने या स्टुलावर बसून तिची बोलणी खाल्ली आहेत. "हनुवटी वर. अजून. छत बघायला आलात का? खाली. आता हललात तर बघा." तरी लोक तिच्याकडेच यायचे, कारण तिने काढलेल्या फोटोत माणूस ओळखू यायचा. पासपोर्टच्या फोटोच्या बाबतीत ही काही लहान गोष्ट नाही.

काउंटरच्या वर भिंतीत एक रिकामा खिळा होता. चांगला जाड, मोठी चौकट पेलेल असा. तो तिने ठोकला त्या दिवशी दादाच्या हातात वाफेचं इंजिन पहिल्यांदा आलं. बंद पडलेला जुना लोहमार्ग काही हौशी मंडळींनी पुन्हा उभा केला होता. उन्हाळ्यातल्या रविवारी त्यावर वाफेच्या इंजिनाची गाडी धावायची, आणि लोक पोरंबाळं घेऊन नुसती जा-ये करायला त्यात बसायचे. दादा आयुष्यभर कारखान्यातल्या बॉयलरवर कोळसा मारत आलेला. हौशी मंडळींनी त्याला बोलावलं, शिकवलं, परीक्षा दिली त्याने, आणि तो ड्रायव्हर झाला. अख्ख्या गावाचे चेहरे काढले आणि सख्ख्या भावाचा कामावरचा एक फोटो नाही, म्हणून आत्याने खिळा ठोकला. दादा इंजिनावर, मागे धुराचा पिसारा, खाली सावली काळीकुट्ट. एवढा एक फोटो तिला हवा होता.

खिळा रिकामाच राहिला, आणि त्याचं कारण दादा होता. निदान आत्याचं तसं ठाम मत होतं.

इंजिनाचे फोटो काढणारी एक जमातच असते. घरी बायको बोलावते तेव्हा यांना ऐकू येत नाही, पण लांबच्या डोंगराआडची शिट्टी बरोबर ऐकू येते. रुळांपासून ठरलेल्या अंतरावर सगळे एका रांगेत उभे राहतात, आणि त्या रांगेच्या पुढे पाऊल टाकणाऱ्याला अशा शिव्या पडतात की तो पुन्हा त्या वाटेला जात नाही. प्रत्येकाची जागा ठरलेली. डोंगर कापलेल्या खिंडीत दाढीवाला आणि त्याची मंडळी, पाण्याच्या टाकीजवळ दोघे जुने कारकून, आणि ओढ्यापलीकडच्या वळणावर एकटी फोटोआत्या. वळण तिने निवडलं होतं ते दुपारच्या उन्हासाठी. त्या वेळी ऊन नेमकं ड्रायव्हर बसतो त्या बाजूवर पडायचं.

पण नुसतं ऊन असून भागत नाही. गारठ्यात वाफ पांढरीशुभ्र दिसते, उन्हाळ्यात ती धुरांड्यातून निघते ती हवेत विरूनच जाते. मग इंजिन पळतंय की उभं आहे हेच फोटोत कळत नाही. म्हणून उन्हाळ्यात सगळी मदार काळ्या धुरावर. धूर नसलेला फोटो म्हणजे फुकट गेलेला रविवार, यावर या जमातीचं एकमत आहे, आणि असा फोटो ही माणसं घरी नेत नाहीत. तिथल्या तिथे पुसून टाकतात. आत्याही पुसायची, रागारागाने, कॅमेऱ्याच्या बटणावर अंगठा आपटत.

आणि वळणावर धूर नसायचाच. खिंडीत असायचा, टाकीजवळ असायचा. ओढ्यावरच्या पुलापर्यंत काळा लोट दिसायचा, आणि आत्याने कॅमेरा डोळ्याला लावला की धुरांडं साफ. वर निळं आकाश, खाली चकचकीत इंजिन, आणि केबिनमधून कोपर बाहेर काढून बसलेला दादा, तिच्याकडे तोंड करून. तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. वर पुन्हा बघतोय माझ्याकडे, फजिती बघायला!

पहिल्या उन्हाळ्यातच तिने फलाटावर, माणसांच्या देखत त्याला गाठलं होतं.

"माझ्या वळणावर धूर का सोडत नाहीस?"

"धूर सोडायची वस्तू आहे का ती?" दादा म्हणाला. त्याच्या हातात तेलाची बुधली होती आणि त्यालाही राग घरातलाच मिळालेला. "कोळसा नीट जळला की धूर होत नाही. धूर म्हणजे गलथान काम. आमच्या कारखान्यात धुरांड्यातून काळं निघालं तर साहेब खाली यायचा."

"मग खिंडीत कसा निघतो? तिथे गलथान होतोस वाटतं?"

"तिथे चढ आहे."

"टाकीपाशी कुठला चढ आहे?"

यावर दादाने बुधली खाली ठेवली आणि म्हणाला, "तुला फोटो काढायचा तर काढ, नाहीतर घरी जा. वळणावर धूर मिळणार नाही."

झालं. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. निरोप वहिनीमार्फत जायचे, आणि वहिनी बिचारी ते वाटेत थोडे धुऊन पुसून पोचवायची. आत्या म्हणायची, "सांग त्या गाढवाला, आईची खुर्ची दुरुस्त करून आणली आहे." वहिनी घरी जाऊन म्हणायची, "खुर्ची झाली म्हणे."

तुम्ही म्हणाल, या बाईने जागा का बदलली नाही? बदलली होती. पुढच्या उन्हाळ्यात एकदा मान खाली घालून ती खिंडीत गेली आणि दाढीवाल्याच्या रांगेत टोकाला उभी राहिली. त्या दिवशी खिंडीतही धूर आला नाही. चढ तोच, गाडी तीच, डबे खच्चून भरलेले, आणि धुरांडं धुतल्यासारखं साफ! सगळ्या मंडळींच्या रविवारावर पाणी फिरलं. दाढीवाला सज्जन माणूस, पण तोही शेवटी म्हणाला, "आत्या, राग मानू नका, पण तुमचं घरचं भांडण तुमच्या वळणावरच ठेवा." ती आली तशी परत गेली आणि कानाला खडा लावला. आता शंकेला जागाच राहिली नव्हती. माणूस तिलाच बघून धूर बंद करत होता. सख्खा भाऊ, ज्याने लहानपणी—

पण लहानपणचंही तिला रागानेच आठवायचं. घर इंजिनाच्या शेडमागे होतं. सकाळी भट्ट्या पेटल्या की आळीतली सगळी पोरं कुंपणावर चढून बघायची, आणि हिला मात्र धुराने धाप लागायची. छातीत शीळ वाजायला लागली की दादा हिला पाठीवर टाकून टेकडीवर पळायचा, मोकळ्या हवेत. ही त्याच्या मानेला बोचकारे काढायची, कारण खाली इंजिनं निघालेली असायची आणि हिच्या वाट्याला नुसते आवाज. पुढे मोठेपणी दमा तिच्या मते गेला. औषधाचा पंप तिच्या पिशवीत बॅटऱ्यांच्या खाली कुठेतरी पडलेला असायचा, पण दम्याबद्दल कुणी विचारलं तर ती म्हणायची, "कुणाला? मला? काहीतरीच."

असे उन्हाळे गेले. मग इंजिनाच्या बॉयलरची मुदत संपत आली. तपासणी करणाऱ्यांनी सांगितलं, हा उन्हाळा शेवटचा. पुढे इंजिन स्टेशनाबाहेर चौथऱ्यावर उभं राहणार आणि पोरं त्यावर चढून फोटो काढणार. दादाचे गुडघेही बोलायला लागले होते. इंजिनाबरोबर तोही उतरणार होता.

शेवटच्या रविवारच्या सकाळी वहिनी दुकानात आली. आत्या लेन्स पुसत होती.

"आज तरी जाऊन बोल त्यांच्याशी," वहिनी म्हणाली.

"मी? मी बोलू?" आत्याच्या हातातलं फडकं थांबलं. "इतकी वर्षं माझ्या तोंडाला पानं पुसली त्याने. दाढीवाल्याला धूर, त्या दोन कारकुनांना धूर, परक्या प्रवाशांना धूर, आणि बहीण उभी राहिली की बंद! हा खिळा बघ. गंजला. आज संपलं सगळं. मला माझ्या भावाचा एक फोटो मिळाला नाही, वहिनी, एक. लोक विचारतात, इथे काय लावायचंय? मी काय सांगू?"

शेवटी शेवटी तिचा आवाज फाटला. वहिनीने तिला आजवर ओरडताना पुष्कळदा पाहिलं होतं, असं पाहिलं नव्हतं.  तिने छत्री उचलली आणि ती घरी न जाता तडक स्टेशनकडे गेली.

हवेने सकाळपासूनच खेळ मांडला होता. आत्या वळणावर पोचली तेव्हा रणरणतं ऊन होतं. तिने उजेडाचा हिशेब जमवला, कॅमेरा तिकाटण्यावर चढवला, तोच ढग आला. ढग गेला तर वारा सुटला. वाऱ्याने गवत आडवं केलं, मग तो एकदम पडला, आणि चार थेंब शिंपडून पुन्हा ऊन. ती आकाशाकडे बघून जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटचा दिवस म्हणून खिंडीतली मंडळीही आज वळणावर आली होती. दाढीवाल्याने अदबीने विचारलं, "चालेल ना, आत्या?" ती म्हणाली, "उभे राहा. आज कुठेही उभे राहिलात तरी धूर नाहीच मिळायचा."

ओढ्याच्या पलीकडे शिट्टी झाली. सूर्य ढगाच्या काठाशी होता. सगळे श्वास रोखून कधी रुळांकडे, कधी वर बघत होते. पुलावर इंजिन दिसलं, त्यावर नेहमीसारखा काळा लोट. आत्याने डोळा कॅमेऱ्याला लावला आणि दात ओठ खात वाट पाहिली. आता थांबवेल. आता.

धूर थांबला नाही.

उलट वाढला. पुलावरून वळणावर येताना धुरांड्याने असा काही लोट सोडला की रांगेतून एकच आरडाओरडा झाला. काळा, दाट, गुंडाळ्या गुंडाळ्यांनी वर चढणारा. त्याच क्षणी ढग सरकला आणि सगळं वळण उजळून निघालं. पितळी पट्ट्या पेटल्या. आत्याने बटण दाबलं ते दाबूनच धरलं. इतक्या वर्षांचा राग तिच्या बोटात उतरला होता.

आणि बोट टेकतं न टेकतं तोच वारा फिरला. ढगामागून आलेला एक झोत वरून आदळला आणि उभा लोट तिच्या बाजूला आडवा झाला. केबिन, डबे, सगळं काळ्यात बुडालं आणि ते काळं रांगेवर येऊन आदळलं. लोक हसत, खोकत, डोळे पुसत बाजूला झाले. आत्या बाजूला होऊ शकली नाही. छातीत शीळ वाजली. ती गवतात बसली, पिशवी उलटी केली, बॅटऱ्यांखालून पंप काढला आणि तोंडाला लावला. दाढीवाला धावत आला तर त्याला हातानेच लांब हो म्हणाली. आजसुद्धा कुणी उचलून नेलेलं तिला चाललं नसतं.

श्वास जरा जागेवर आला तशी तिने कॅमेऱ्याच्या पडद्यावर हाताची सावली धरून बघितलं. फोटो असा होता की तिचं स्वतःचंच तोंड उघडं राहिलं. धूर, ऊन, पितळ, वळणावर कललेलं इंजिन. एक फोटो बघितला, दुसरा बघितला, सगळे बघितले. केबिनच्या जागी प्रत्येकात काळा बोळा होता. दादा कशातच नव्हता.

गाडी शेवटच्या स्टेशनला जाऊन परत येईपर्यंत ती फलाटावर उभी होती. प्रवासी उतरले, टाळ्या झाल्या, हौशी मंडळींनी दादाच्या गळ्यात हार घातला. हार काढून दादा नळाखाली तोंड धुवायला वाकला, तेव्हा ती त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. तो वळला. इतक्या वर्षांनी तो तिच्याशी पहिलं वाक्य बोलला ते असं:

"पंप घेतलास का?"

आत्याने पिशवीचं तोंड आवळून धरलं.

"पंप घेतलास का विचारतोय. वारा फिरलेला बघितला मी. तुझी वहिनी रडत आली सकाळी, म्हणाली, द्या एकदा तिला धूर. म्हणून दिला. नाहीतर मी दिला नसता."

"म्हणजे," आत्या सावकाश म्हणाली, "इतकी वर्षं तू माझ्या दम्यासाठी..."

"मग काय तुला कोंडून मारू? त्या खिंडीत तर कोंडलेलाच असतो धूर, तिथे येऊन उभी राहिलीस शहाणी! आणि वळणावर दर वेळी पुलाच्या आधीपासून कोळसा मारणं थांबवायला लागायचं. फायरमन वैतागायचा माझ्यावर."

"मला सांगायला काय झालं होतं?" तिचा आवाज चढला आणि फलाटावरची माणसं वळून बघायला लागली. "तोंड शिवलं होतं? गलथान काम म्हणे! साहेब खाली यायचा म्हणे!"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस? दमा कुणाला, मला, काहीतरीच! तू मास्क लावला असतास? लांब उभी राहिली असतीस? मुद्दाम जवळ आली असतीस, ओळखतो मी तुला. लहानपणी बोचकारायचीस."

"मी तुला आत्ताही बोचकारीन!"

"बोचकार." दादाने खांद्यावरच्या फडक्याने मान पुसली.  मग दादा जरा खालच्या आवाजात म्हणाला, "आजच्यात मी आलो नसेन. धूर अंगावरच पडला. पण ते जाऊ दे, आधीचे असतील ना तुझ्याकडे? दर वेळी तुझ्याकडेच बघत होतो मी. धूर नसायचा, म्हणजे दिसत असेन चांगला. त्यातला एखादा दे मोठा करून. घरी लावतो म्हटलं."

आत्याने कॅमेऱ्याचा पट्टा बोटाला गुंडाळला.

"काय गं?"

"नाहीत."

"नाहीत म्हणजे?"

"पुसले. सगळे. तिथल्या तिथे."

"का?"

"धूर नव्हता."

दादाच्या हातातलं फडकं खाली पडलं. माणूस तापट होता, पण त्याला असा रागावलेला त्या फलाटावर कुणी पाहिला नव्हता. त्याचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लाल झाला.

"धूर नव्हता?" तो ओरडला. "मी होतो ना त्यात!"

  आत्याला स्वतःचा इतका राग आला की तो कुणावर काढावा हे तिला कळेना. कॅमेरा आपटावा असं तिला वाटलं, आणि त्यात तो शेवटचा फोटो आहे हे आठवून तिने तो पोटाशी धरला.

आता दोघं बोलतात, म्हणजे भांडतात, पण तोंडावर. वहिनीची सुटका झाली. दादा संध्याकाळी दुकानात येऊन स्टुलावर बसतो, गोल फिरतो, आणि आत्याने कॅमेरा उचलला की उठून जातो. म्हणतो, "इथे काय काढतेस माझा, पासपोर्टवाल्यांसारखा?" खिळा तसाच आहे.

तो शेवटचा फोटो मात्र हौशी मंडळींनी भिंतीएवढा करून स्टेशनच्या प्रतीक्षागृहात लावला. कुठल्याशा स्पर्धेत त्याला पहिलं बक्षीस मिळालं. लोक लांबून येतात, चौथऱ्यावरचं थंड इंजिन बघतात, मग आत येऊन फोटोसमोर उभे राहतात. परवा एक पाहुणा बराच वेळ मान वर करून बघत होता. आत्या काचेवरची धूळ पुसायला आली होती, ती तिथेच होती.

"वा! काय धूर आहे!" पाहुणा म्हणाला.

"धुराचं काय कौतुक सांगता?" आत्या त्याच्या अंगावर ओरडली. "आत माझा दादा आहे. धूर नसता तर दिसला असता."